बाहुली, सूत्र आणि परिनिरीक्षण : मराठी रंगभूमीच्या आधारे एक रूपविचार

१

वाशी येथील महानगरपालिकेच्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचे नाव दिलेले आहे. नवी मुंबई हे १९७० नंतर नियोजनपूर्वक वसविले गेलेले नगर. त्याला स्वतःची जुनी नाट्यपरंपरा असण्याचा संभव नव्हता. म्हणून नाट्यगृहासाठी नाव निवडले गेले ते मराठी रंगभूमीच्या आरंभबिंदूचे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग करणारे भावे सर्वपरिचित आहेत. परंतु त्यापूर्वी ते लाकडी बाहुल्या घडवीत होते, ही गोष्ट त्या मानाने मागे पडलेली आहे. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने भाव्यांनी नटांचे नाटक उभे केले. तथापि हालत्या सांध्यांची माणसाची आकृती उभी करण्याचे त्यांचे पहिले शिक्षण बाहुल्यांवर झालेले होते. त्यांच्या बाहुल्यांपैकी काही पुढे रामदास पाध्ये यांच्याकडे आल्या आणि डागडुजी होऊन पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या.

अशा नाट्यगृहाच्या रंगमंचावर नियंत्रण आणि पाळत यांचे प्रतीक म्हणून एखादी बाहुली उभी करावयाची झाल्यास तिचे रूप कोणते असावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कारागिरीचा वाटेल. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. मोठाले डोळे, हातात कात्री, तोंडावर पट्टी ही चिन्हे सर्वत्र आढळतात आणि म्हणूनच ती कोणत्याही एका रंगभूमीविषयी विशेष काही सांगत नाहीत. मराठी रंगभूमीवर नियंत्रण प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने आले, त्याने शब्दाला हात घातला की देहाला, ते बाहेरून आले की आतून, याचा शोध घेतल्याशिवाय अशा बाहुलीला स्वतःचा चेहरा मिळणार नाही. प्रस्तुत लेखात प्रथम या विषयाच्या शब्दसंपत्तीचा, नंतर १८४३ पासूनच्या काही निवडक प्रकरणांचा आणि शेवटी त्यांतून निष्पन्न होणाऱ्या रूपाचा विचार केला आहे.

२

नाटकातील ‘सूत्रधार’ हा शब्द बाहुल्यांच्या खेळातून आला, असे मत जर्मन संस्कृतज्ञ रिखार्ड पिशेल यांनी १९०० साली मांडले. बाहुलीचे सूत्र धरणारा तोच नाटकाचा सूत्रधार, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले. त्यांपैकी महत्त्वाचा आक्षेप असा की, वास्तुरचनेत मापाची दोरी धरणाऱ्या कारागिरालाही सूत्रधारच म्हणत, आणि रंगमंडपाची आखणी करणाऱ्यावरून नाटकातील अर्थ निघाला असणे शक्य आहे. या वादाचा निर्णय येथे करण्याचे कारण नाही. मराठीच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट निराळीच आहे. मराठीतील ‘सुतार’ हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’ याचेच झिजलेले रूप होय. एकाच शब्दापासून मराठीला लाकूड तासणारा आणि नाटक चालविणारा असे दोघे मिळाले. पहिला तद्भव रूपाने घरगुती झाला, दुसरा तत्सम रूपाने रंगमंचावर राहिला. बाहुली घडविणाऱ्या कलावंताच्या ठिकाणी हे दोघे पुन्हा एकत्र येतात.

‘कळसूत्री’ या शब्दात सूत्राच्या जोडीला ‘कळ’ आहे. कळ म्हणजे यंत्राची खुंटी किंवा युक्ती. सूत्र दिसू शकते, कळ बहुधा झाकलेली असते. ‘सूत्रे हलविणे’ आणि ‘कळ फिरविणे’ या दोन्ही वाक्प्रचारांत पडद्यामागून चालणाऱ्या सत्तेचे सूचन आहे. बाहुलीच्या खेळाने मराठीला राजकारणाची परिभाषा पुरविली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता नियंत्रणाचे शब्द पाहू. ‘सेन्सॉर’ हा मुळात रोममधील अधिकारी. नागरिकांची व त्यांच्या मालमत्तेची गणना करणे आणि त्यांच्या आचरणावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. ज्या लॅटिन धातूपासून तो शब्द आला, त्याचा अर्थ मूल्य ठरविणे असा आहे. मराठी शासनव्यवहारात मात्र ‘परिनिरीक्षण’ हा शब्द योजिला गेला. त्याचे घटक सुटे केले, तर ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आणि त्यामागे ‘परि’ म्हणजे सभोवती असा उपसर्ग दिसतो. रोमन शब्दात मोजणी आहे, मराठी शब्दात नजर आहे, आणि तीही चोहो बाजूंनी. वास्तविक मंडळाचे प्रमुख काम संहिता वाचण्याचे. पण त्याच्या नावात वाचण्याची नव्हे, पाहण्याची क्रिया आहे. ही विसंगती निरर्थक नाही, हे पुढे दिसून येईल.

‘पाळत’ आणि ‘कोतवाल’ या शब्दांचे नाते याहून बोधप्रद आहे. पाळत हा शब्द ‘पाळणे’ या क्रियापदाशी जोडलेला आहे. कोतवाल हा ‘कोट्टपाल’, म्हणजे किल्ल्याचा पालक. फारसीतून फिरून आलेला असला तरी त्याचा ‘वाल’ हा मूळचा ‘पाल’च. म्हणजे ज्या धातूने रक्षण आणि संगोपन सांगितले जाते, त्याच धातूपासून मराठीने टेहळणीचा आणि टेहळणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा शब्द घेतला. पाळत ठेवणारा भाषेच्या लेखी राक्षस नाही. तो राखणदार आहे. प्रतीक घडविणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

३

भाव्यांच्या नाटकाची रचना या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. त्यात सूत्रधार आरंभी येऊन निघून जात नसे. तो शेवटपर्यंत रंगमंचावर राही आणि आख्यानाची पदे स्वतः म्हणे. पदाला अनुसरून पात्रे हालचाली करीत आणि भाषणे बहुतांशी वेळेवर रचून बोलत. म्हणजे सूत्र धरणारा हात प्रेक्षकांना सतत दिसत होता, आणि पात्रांच्या तोंडची भाषणे मात्र आगाऊ लिहिलेली नव्हती. कळसूत्री खेळाशी या रचनेचे साम्य उघड आहे: कथन एकाचे, देह दुसऱ्याचा.

पुढील चाळीस वर्षांत ही स्थिती पालटली. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले गेले आणि ‘बुकिश’ नाटकांचा काळ सुरू झाला. १८८० साली किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पात्रे स्वतःची पदे स्वतः गाऊ लागली. सूत्रधार प्रस्तावनेपुरता उरला. नटाला स्वतःचा आवाज मिळाला. पण तो लिखित संहितेच्या आधाराने मिळाला. जे लिहिलेले असते ते आधी मागवून वाचता येते. भाव्यांच्या रचनेत आधी वाचण्यासारखे फारसे काही नव्हते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी येथे ठाकर समाजाने जी परंपरा जतन केली, तिच्यात ही अलिखित रीत दीर्घकाळ टिकून राहिली. लाकडी कळसूत्री बाहुल्या, दिव्याच्या उजेडात पडद्यावर छाया पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी या तिच्या तीन प्रमुख शाखा. रामायण-महाभारताची आख्याने मौखिक परंपरेने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आली. सावंतवाडीच्या संस्थानिकांचा आश्रय या कलेला लाभला होता. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

या समाजात सांगितली जाणारी एक आठवण येथे नोंदविली पाहिजे. गावोगाव खेळ करीत हिंडणारे हे कलावंत राज्यकर्त्यांसाठी बातमी काढण्याचेही काम करीत, अशी ती परंपरागत समजूत आहे. तिच्यात दडलेले सामाजिक निरीक्षण अचूक आहे. गावात परक्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते, पण खेळ घेऊन आलेल्याकडे नाही. लोक बाहुलीकडे पाहत असतात, तेव्हा बाहुलीमागच्या माणसाला लोकांकडे पाहण्याची मोकळीक मिळते. बाहुलीच्या खेळात पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची अदलाबदल पूर्वीपासूनच होत आलेली आहे.

४

इंग्लंडमध्ये नाटकांच्या पूर्वपरवानगीची पद्धत १७३७ च्या कायद्याने दृढ झाली. १८४३ च्या कायद्याने तिची पुनर्रचना झाली, आणि १९६८ पर्यंत नवी नाटके लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाकडे मान्यतेसाठी जात राहिली. सांगलीत मराठी नाटकाचा जन्म आणि लंडनमध्ये नाट्यनियंत्रणाचे नवे विधान या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडाव्यात, हा योगायोगच. हिंदुस्थानात मात्र कायदा यावयास १८७६ साल उजाडावे लागले. कलकत्त्याच्या रंगभूमीवर युवराजांच्या भेटीच्या निमित्ताने झालेल्या प्रहसनाने सरकार बिथरले. प्रथम वटहुकूम निघाला आणि १६ डिसेंबर १८७६ रोजी नाट्यप्रयोग अधिनियम अस्तित्वात आला.

या अधिनियमाची भाषा बारकाईने वाचण्याजोगी आहे. त्याने केवळ नाटकाचा उल्लेख केला नाही. नाटकाच्या जोडीला मूकनाट्य आणि नाट्याचा अन्य कोणताही प्रकार यांनाही त्याने कक्षेत घेतले. ज्यात शब्दच नाही अशा प्रयोगाचीही सरकारला भीती वाटली. देहाची भाषा संहितेत सापडत नाही, हे कायदा करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. याच अधिनियमान्वये दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पोलिसांना प्रयोगस्थळी शिरता येई, तेथील माणसांना पकडता येई आणि देखावे, पोशाख व इतर वस्तू जप्त करता येत.

येथे बाहुलीसंबंधी एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. नट हा पकडण्याचा विषय आणि पोशाख हा जप्तीचा विषय, अशी कायद्याने वाटणी केलेली आहे. बाहुली कोणत्या बाजूची? प्रेक्षकांच्या लेखी बोलणारी व चालणारी ती आहे, म्हणून ती पात्र. कायद्याच्या लेखी ती लाकूड आणि कापड, म्हणून ती वस्तू. तिला अटक करता येत नाही, आणि जप्त केल्याने तिने उच्चारलेले वाक्य परत घेता येत नाही. व्यक्ती आणि वस्तू यांच्या सीमारेषेवर उभी असल्यामुळेच नियंत्रणाचे प्रतीक होण्यास ती इतर कोणत्याही रंगसाधनापेक्षा अधिक पात्र ठरते.

५

कायद्याच्या मर्यादा मराठी रंगभूमीवर सर्वांत स्पष्टपणे दिसल्या त्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ या नाटकाच्या प्रकरणात. १९०७ साली हे नाटक रंगभूमीवर आले. महाभारताच्या विराटपर्वातील कथा. संहितेत समकालीन अधिकाऱ्याचे वा राजकीय पक्षाचे नाव नाही. परंतु कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हा अर्थ प्रेक्षकांना कोणी शिकवावा लागला नाही. तीन वर्षे नाटक चालले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर सरकारच्या दृष्टीने नाट्यगृह ही निव्वळ करमणुकीची जागा उरली नाही. १९१० च्या आरंभी ‘कीचकवधा’वर बंदी आली.

या प्रकरणाचे मर्म असे की, आक्षेपार्ह अर्थ संहितेत नव्हता, नटाच्या उच्चारात पुरता नव्हता. तो रंगमंच आणि प्रेक्षागार यांच्या मधल्या जागेत निर्माण होत होता. नुसती संहिता वाचणाऱ्याला तो सापडणे कठीण. तो पकडायचा तर प्रेक्षकांवरच नजर ठेवावी लागते. वाचनावर आधारलेले नियंत्रण जेथे अपुरे पडते, तेथे पाळत सुरू होते. ‘परिनिरीक्षण’ या शब्दातील सभोवती फिरणारी नजर या अर्थाने यथार्थ आहे.

बाहुलीच्या खेळात हीच घटना मूर्त रूपाने दिसते. शब्द एका ठिकाणाहून येतो, ओठ दुसऱ्या ठिकाणी हालतात, आणि प्रेक्षक तो शब्द बाहुलीच्या तोंडी घालतात. मराठी प्रेक्षकांना याचा निकटचा परिचय करून दिला तो यशवंत केशव पाध्ये यांच्या ‘अर्धवटराव’ या बोलक्या बाहुल्याने. माणसाने जे बोलणे शोभत नाही ते बाहुल्याने बोलावे आणि माणसाने त्याला दटावावे, ही त्या खेळाची सर्वमान्य रीत. येथे दटावणारा आणि बोलणारा एकच असतो. नियंत्रण आणि उल्लंघन एकाच कंठातून निघते, आणि हसणाऱ्या प्रेक्षकाला ते ठाऊकही असते.

अर्थात बाहुलीचे हे अभय नेहमीच टिकते असे नाही. झेक कलावंत योसेफ स्कुपा यांनी जर्मन अंमलाखाली स्पेब्ल आणि हुर्विनेक या पितापुत्र बाहुल्यांच्या तोंडून सूचक विनोद चालविला. १९४४ साली गेस्टापोने त्यांना अटक करून ड्रेस्डेनच्या तुरुंगात टाकले. वाक्ये बाहुल्यांची होती, शिक्षा सूत्र धरणाऱ्याला झाली.

६

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खालील नियमांनी सार्वजनिक प्रयोगांना परवान्याच्या कक्षेत आणले, आणि संहितेच्या पूर्वतपासणीसाठी मंडळ स्थापन झाले. पुढे ते ‘रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ’ या नावाने ओळखले गेले. त्याच्या नावात ‘प्रयोग’ आहे, पण त्याच्या हाती प्रथम येते ती संहिता. तमाशातील बतावणी किंवा पिंगुळीचा कळसूत्री खेळ यांसारख्या प्रकारांत भाषण जागच्या जागी घडते. त्यांची संहिता लिहून सादर करावयाची म्हणजे जे दररोज बदलते ते एका दिवसापुरते गोठवावयाचे. अशा कलांच्या बाबतीत पूर्वतपासणी केवळ आशयावर नव्हे, तर कलेच्या प्रकृतीवरच बंधन घालते.

१९७२ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकावर मंडळाने आक्षेप घेतला. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि निर्णय नाटकाच्या बाजूने लागला. येथे नियंत्रण बाहेरचे, प्रकट आणि कागदोपत्री होते. म्हणून त्याच्याशी झगडताही आले.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला, १८७६ चा अधिनियम ज्या तारखेचा त्याच तारखेला, पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांतून जो प्रयोग सिद्ध झाला, त्यात पाळतीचे रूप यंत्राने किंवा देखाव्याने दाखविलेले नव्हते. ब्राह्मणांची एक झुलती रांग हीच पडदा, हीच भिंत, हीच नगरी. ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली की भिंत होते. तोंड वळविले की साक्षीदार होते. घाशीराम हा रात्रीच्या पुण्यात परवाने तपासत हिंडणारा कोतवाल. परंतु त्याची सूत्रे नानांच्या हाती. प्रयोजन संपताच सूत्र सोडले जाते आणि बाहुली गर्दीच्या हवाली होते.

या नाटकाच्या बाबतीत पहिला अडथळा मंडळाकडून आला नाही. १९ प्रयोगांनंतर नाटक सादर करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्येच ते थांबविण्याचा निर्णय झाला. कलावंतांनी १९७३ साली थिएटर अॅकॅडमी स्थापन केली आणि १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. ‘बाइंडर’च्या प्रकरणात सूत्र राज्याच्या हातातून आले होते, येथे ते संस्थेच्या आतून ओढले गेले. न्यायालयात जाण्याजोगा आदेशच नव्हता. म्हणून नवी संस्था काढणे हाच मार्ग उरला.

७

या इतिहासातून बाहुलीच्या रूपासंबंधी काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला चेहऱ्याचा. ‘पाळत’ आणि ‘कोतवाल’ या शब्दांत पालनाचा धातू आहे. तेव्हा या बाहुलीचा चेहरा उग्र असू नये. तो घरातील वडीलधाऱ्याचा, काळजीवाहू असावा. प्रेक्षकाला प्रथम तिच्याविषयी विश्वास वाटला पाहिजे. भीती नंतर, हालचालींतून आली पाहिजे.

दुसरा डोळ्यांचा. डोळे मोठे करून नजर तीव्र होत नाही. ‘परि’ या उपसर्गाचा अर्थ साधावयाचा तर मान पूर्ण फिरणारी हवी, आणि ‘घाशीराम’मधील रांगेप्रमाणे बाहुलीची पाठ हेही तिचे एक मुख हवे. ती पाठमोरी झाल्यावर प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटू नये.

तिसरा हातांचा. १८७६ च्या कायद्याला मूक हावभावांचे भय होते आणि पुढील काळातील तपासणीला कागदाचा आधार लागला. म्हणून एका हातात कात्रीऐवजी संहितेचे पान असावे, आणि दुसऱ्या हाताचे सांधे इतर सर्व सांध्यांपेक्षा सैल असावेत. पान वाचले जात असताना दुसरा हात जे बोलतो ते पानावर नसते. वाचन आणि पाहणे यांतील अंतर एवढ्या एका योजनेने दाखविता येईल.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा सूत्रांचा. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार रंगमंचावर दिसत होता. नंतरच्या काळात सूत्र धरणारा हात दृष्टीआड गेला. ही बाहुली काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्यांनी नाचवू नये. तिची सूत्रे पांढरी व जाड असावीत आणि त्यांतील निदान एक सूत्र वर न जाता रंगमंचावरील दुसऱ्या बाहुलीच्या मनगटाला बांधलेले असावे. ‘घाशीराम’च्या प्रयोगाला थांबविणारा हात आपल्याच पंक्तीतला होता, हे त्यावाचून सांगता येणार नाही.

आवाजाविषयी एवढेच सुचविता येईल की, या बाहुलीने स्वतः काही बोलू नये. ‘कीचकवधा’तील आक्षेपार्ह वाक्य प्रेक्षकांच्या मनात पूर्ण झाले होते; हिच्या ओठांची हालचालही प्रेक्षकांनीच पूर्ण करावी.

१८७६ चा अधिनियम संसदेने २०१७ च्या निरसन कायद्याने रद्द केला. परंतु पोलीस अधिनियमाखालील पूर्वतपासणीचा प्रश्न वेगळा होता. २०१६ साली अमोल पालेकर यांनी तिच्या वैधतेला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. म्हणजे कलकत्त्याच्या प्रहसनातून जन्मलेला कायदा इतिहासजमा झाला, तरी संहिता आधी दाखविण्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाही. दरम्यान नगरांच्या चौकाचौकांत बसलेल्या कॅमेऱ्यांनी पाळतीला मानवी डोळ्याची गरजही ठेवलेली नाही. अशा काळात सूत्र, सांधे आणि लाकूड यांची बाहुली जुनाट वाटण्याचा संभव आहे. परंतु कॅमेऱ्यामागचा हात दिसत नाही, आणि बाहुलीच्या खेळात तो हात कोठे आहे हे प्रेक्षकाला नेहमीच ठाऊक असते. सुतार आणि सूत्रधार हे मुळात एकच. नियंत्रणाचे यंत्र कोणी घडविले आणि ते कोण चालवितो हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येत नाहीत, एवढे या एका शब्दाच्या इतिहासावरूनही सिद्ध होते.